घाटघरचा दगड

अंबाबाईंनी पहिला हंडा माझ्यासमोरच वाळूत ओतला.

“हे काय पाणी म्हणायचं, भाऊ? चव ना ढव.”

“समुद्राचं केलंय मावशी. गोडं हाय.”

“गोडं? मग गोडी कुठाय?”

नळापाशी उभ्या बाया हसल्या. जिनेशशेठ मीटर घेऊन पुढे झाले. “आकडा बघा. मीठ जवळजवळ नाहीच.”

“आकडा घालून आमटी होते का, शेठ?”

जिनेशशेठ मंचरचे. त्यांच्याकडे मी चौदा वर्षं सोलर पंप बसवतो. खाडीच्या तोंडावरच्या या गावाचं काम त्यांनी घेतलं, म्हणून शिनोली सोडून मी इथवर आलो. छपरावर पॅनल. उन्हावर पंप चालतो, समुद्राचं पाणी जोरानं पडद्यातून दाबतो, मीठ अलीकडे राहतं. गावच्या विहिरी खाऱ्या झालेल्या. महिन्याभरात लोकांनी पाणी नेलं नाही, तर मशीन दुसऱ्या गावाला जाणार होतं. तीन आठवडे झाले होते आणि बाया अजून टँकरचीच वाट बघत होत्या.

दुपारी पान्यांची पेटी उघडली. तळाशी फडक्यात माझ्या बायकोचा, इंद्रायणीचा, दगड होता.

ती घाटघरची. लग्न होऊन शिनोलीला आली तेव्हा महिनाभर आमचं पाणी तिच्या घशाखाली उतरेना. “मेलेलं लागतं,” म्हणायची. मग माहेरच्या झऱ्यातला मुठीएवढा काळा दगड आणला, धुतला आणि माठात टाकला. “पाण्याला पण माहेर लागतं,” म्हणाली. मी लई हसलो होतो. पण त्या दिवसापासून ती पाणी प्यायला लागली. रोज माठ धुऊन ती दगड परत आत टाकायची, तेव्हा टक्क वाजायचं. एकतीस वर्षं मी तो आवाज ऐकला. ती गेल्यावर माठ मोरीपाशी पालथा घातला आणि दगड पेटीत ठेवला.

दगड घेऊन मी अंबाबाईंच्या अंगणात गेलो. सगळं सांगितलं.

“मग हाच द्या की.” त्यांनी हात पुढे केला.

“हा न्हाई देता येणार, मावशी.”

अंबाबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. “कधी गेल्या?”

“मागच्या श्रावणात.”

त्यांनी अंगणातल्या तुळशीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “आमच्या सासऱ्यांनी विहीर खणली, तेव्हाचा दगड तुळशीपाशी आहे. गोड होती तेव्हा विहीर.”

“तोच घाला. चांगला उकळून घ्या.”

जिनेशशेठ फाटकातून ऐकत होते. परत येताना म्हणाले, “गोरखभाऊ, दगडानं पाण्यात काय फरक पडतो का राव?”

“पाण्यात न्हाई पडत.”

“मग?”

“तुमी बघा तर.”

दोन दिवस काहीच झालं नाही. तिसऱ्या सकाळी अंबाबाई दोन हंडे घेऊन आल्या. मागे आठ-दहा जणी. कुणाच्या हातात विहिरीच्या काठाचा दगड, कुणाच्या हातात जुन्या जात्याचा तुकडा. नळावरच दगड घासत बसल्या.

“आता कसं लागतं, मावशी?” शेठनी विचारलं.

“ओळखीचं,” त्या म्हणाल्या आणि हंडा नळाखाली लावला.

मशीन तिथंच राहिलं. महिना संपला तसा मी घरी आलो. येताना शेठनी मंचरपर्यंत गाडीत आणलं. वाटेत सारखे हसत होते. “आता प्रत्येक मशीनबरोबर एक दगड द्यावा लागतोय वाटतं.”

घरी पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. मोरीपाशी गेलो. माठ उचलला, तर खाली मुंग्यांनी वारूळ केलेलं. माठ घासला, दोनदा विसळला. पेटीतून दगड काढला, धुतला आणि हात आत घालून सोडला.

टक्क.

मग पाणी भरलं.