मागच्या खोलीचा ताबा

घरांचे व्यवहार जुळवणाऱ्या एजंटच्या ऑफिसात ती करारनामे टाइप करायची. टाइप करता करता कायद्याची भाषा तिच्या इतकी अंगवळणी पडली होती, की नव्या गिऱ्हाइकांना मालकी आणि ताबा यांतला फरक तीच समजावून सांगायची. त्यासाठी टेबलाच्या कडेला छत्री टांगलेली असे.

"छत्री माझी, ही झाली मालकी. आत्ता ती तुमच्या हातात आहे, हा ताबा. पाऊस थांबेपर्यंत वापरा असं मी म्हटलं, तर तो परवाना. पण समजा, तुम्ही ती परत दिलीच नाहीत, मीही मागितली नाही, आणि सगळ्यांदेखत वर्षानुवर्षं आपलीच म्हणून मिरवलीत, तर एक दिवस कोर्ट म्हणेल, छत्री तुमचीच!"

"छत्रीला लागू नाही होत ते!" आतून तिचे सर, म्हणजे तो एजंट, ओरडायचे. "जमिनीला होतं, घराला होतं! लोकांना घाबरवू नका!"

गिऱ्हाईक हसायचं, तीही हसायची. घाबरायची पाळी आपल्यावर येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

एके दिवशी एक गोदामवाला येऊन बसला. ओळखीच्या माणसाला त्याने पंधराएक वर्षांपूर्वी गोदामाच्या कोपऱ्यात राहू दिलं होतं. ना भाडं, ना कागद. त्या माणसाने कोपऱ्याला भिंत घातली, दार बसवलं, आणि आता कोर्टात तो कोपरा स्वतःचा म्हणून जिंकून बसला होता. "माणुसकीने राहू दिलं हो मी," गोदामवाला पुन्हापुन्हा म्हणत होता. सर म्हणाले, "राहू दिलं, एवढं तरी लिहून घ्यायचं होतं. परवानगीने राहणाऱ्याला मालक होता येत नाही."

ती घरी आली, तर मागच्या खोलीच्या दारापाशी आत्या स्टुलावर उभी राहून दाराला निळा रंग देत होती. कुणाला विचारलं नव्हतं, सांगितलं नव्हतं. नाकालाही निळा ठिपका लागला होता.

"कसा दिसतोय गं? ठकीने निवडलाय!"

"छान," ती म्हणाली. पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

आत्या म्हणजे नवऱ्याची आत्या. एकटी पडली तेव्हा भावाने, म्हणजे हिच्या सासऱ्यांनी, अंगणाच्या टोकाला तिच्यासाठी ही खोली बांधली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "ही तुझी." सगळं तोंडी. घर असं तोंडी देता येत नाही, हे सासऱ्यांना ठाऊक नव्हतं, हिला मात्र पाठ होतं. सासरे गेल्यावर सगळं घर नवऱ्याच्या नावावर झालं. आत्या तिथेच राहिली, मशीनवर पडदे शिवत. ही ऑफिसला निघाली की चारेक वर्षांची लेक ठकी 'आजी, आजी' करत आत्याच्या पायाशी चिंध्यांत खेळायची. त्या खोलीच्या जिवावरच हिची नोकरी चालली होती, आणि हे तिला कळत नव्हतं अशातलाही भाग नाही.

तरी तिने ऑफिसातल्या तयार मसुद्यात आत्याचं नाव घालून, ती खोलीत परवानगीने राहते असा कागद काढला. नवरा म्हणाला, "आत्याकडून? कागद?" मग म्हणाला, "तुला कळतं त्यातलं," आणि सही करून मोकळा झाला. गॅरेजमध्ये दिवसभर गाड्यांखाली झोपणारा माणूस, पण घरातला अवघड विषय निघाला की पळवाट बरोबर सापडायची त्याला.

आत्याने तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या, चष्मा पुसला आणि कागद पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. ठकी बटणं मांडत होती. नवरा पंख्याकडे बघत होता.

"परवानाधारक म्हणजे मी का?"

"हो. नुसता शब्द आहे आत्या तो."

"आणि सांगितल्यावर महिन्याभरात खोली रिकामी करायची."

"तसं कोण सांगणार आहे? सगळ्याच कागदांत असतं ते."

"असतं होय." आत्या हसली नाही, चिडलीही नाही. "कुठे करू सही?"

ती चिडली असती तर बरं झालं असतं. हिने उत्तरं तयार ठेवली होती, ती वाया गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या स्वयंपाकघराच्या दाराशी आली आणि तिने दारावर टकटक केलं. एरवी ती थेट आत यायची, झाकणं उघडून बघायची, मीठ कमी आहे म्हणायची.

"किल्ली आणली होती," आत्या म्हणाली आणि खोलीची किल्ली ओट्यावर ठेवली. "कागदात लिहिलंय, ताबा तुमच्याकडेच राहणार. मग किल्ली माझ्याकडे कशी?"

"आत्या, असं काय करता! आणि 'तुमच्याकडे' काय? मला अहो-जाहो कधीपासून?"

"सही केलीय ना मी. वाचून केलीय." आणि निघता निघता, "भिंतीला एक खिळा मारायचाय. मारू का?"

तिला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. "मारा की," एवढंच कसंबसं निघालं.

मग रोजच सुरू झालं. दोरीवर चादर वाळत घालू का? मशीन खिडकीशी सरकवू का? आवाजात टोमणा असता तर भांडता आलं असतं, पण आत्या खरंच विचारायची आणि उत्तर येईपर्यंत उभी राहायची. नवरा जेवताना मान वर करेना. तिने विषय काढला तर म्हणाला, "मला काय विचारतेस? मीही सही केलीय, लाज वाटते मला." तिलाही वाटत होती. मात्र लाजेला तिने दुसरंच नाव दिलं होतं, खबरदारी.

ऑफिसात सर एका जोडप्याला सांगत होते, "भाडेकरूचा ताबा खरा. तो मालकाच्या तोंडावर दार लावू शकतो. परवानाधारकाला नाही लावता येत." तिचं टाइपिंग थांबलं. आत्या हल्ली दुपारीसुद्धा दार सताड उघडं टाकून झोपायची.

रविवारी ती ठकीला न्हाऊ घालत होती. डोळे मिटून साबण सोसत ठकीने विचारलं, "आई, मी परवानगीने राहते का?"

"काय?"

"आजी म्हणाली, ती परवानगीने राहते. मी पण? मी ऐकलं नाही तर मला पण महिन्यात जायचं?"

तांब्या हातात तसाच राहिला. साबण डोळ्यांत गेला म्हणून ठकी किंचाळली, तेव्हा कुठे तिने पाणी ओतलं. "नाही गं सोन्या, तू कुठ्ठे जायचं नाहीस." लेकीला पंच्यात गुंडाळून तिने इतकं घट्ट धरलं, की ठकी म्हणाली, "सोड ना, घुसमटते मी."

"आजी कुठे चाललीय?" मग हिने हळूच विचारलं.

"मशीनवाल्या मैत्रिणीकडे. गाठोडं बांधलंय. तुला सांगू नको म्हणाली."

केस पुसायचे सोडून तिने ओट्यावरची किल्ली उचलली आणि अंगण ओलांडलं. दार उघडंच होतं. मशीनवर झाकण होतं. भिंतीवरची ठकीची चित्रं उतरवून नीट गुंडाळून ठेवलेली. पलंगावर आत्या पाय पोटाशी घेऊन बसली होती, शेजारी गाठोडं.

"या," आत्या म्हणाली.

"आत्या, ही किल्ली."

"ही कुठल्या कलमाखाली?"

दिवसभर लोकांना शब्द समजावून देणारी ती, एक शब्द सापडेना. शेवटी म्हणाली, "मी चुकले."

"चुकलीसच. एकही चूक न करता टाइप केलंस आणि चुकलीस."

किती दिवसांनी ते 'तू' कानावर पडलं. डोळे भरून आले, पण रडून सुटका करून घ्यावी असं तिला वाटेना.

"तो कागद फाडते मी."

"फाडून काय होतंय? वाचलेलं मी विसरणार आहे का? रात्री कूस बदलली तरी वाटतं, विचारायला हवं होतं."

खाली बघतच ती म्हणाली, "मग दुसरा करते. नोंदणी करून. तुम्ही जिवंत असेपर्यंत या खोलीत राहायचा हक्क तुमचा. आम्हाला काढता येणार नाही, घर विकलं तरी नाही. वकिलाकडून करून घेऊ. तुमच्या वकिलाकडून."

आत्याने चष्मा काढला, पुन्हा घातला. आता नको म्हणेल, तुमचा शब्द पुरे म्हणेल, असं तिला वाटलं. तसं झालं असतं तर सोपं झालं असतं.

"कर," आत्या म्हणाली. "मी घेणार आहे तो. मोठेपणा करून नको म्हणायची नाही. भावाने दिलेली खोली आहे माझी."

"हो."

"आणि नवऱ्यालाही घेऊन ये. पंखा बघायला नको, कागद बघायला." आत्याने हात पुढे केला. तिने किल्ली ठेवली. हात गरम होता, पण बोटं धरायला थांबली नाहीत. "आता जा. पडायचंय मला."

ती बाहेर आली. मागे दार लागलं, मग आतून कडी सरकली, नीट, शेवटपर्यंत. निळ्या रंगाचा वास अजून गेला नव्हता. तिचा चेहरा तापला होता, आणि कडीच्या त्या आवाजाने छातीवरचं काहीतरी जरासं, अगदी जरासंच, हललं होतं.

ओल्या केसांनी ठकी धावत आली आणि दारावर आपटायला तिने मूठ उचलली.

हिने ती मूठ हवेतच धरली. "थांब. झोपू दे तिला."