साखरबुवाची जड साखर

हॉल खचाखच भरला होता. साखरबुवांनी एका पेल्यात पांढरी भुकटी ढवळली आणि रक्तातली साखर मोजायच्या मीटरची पट्टी त्यात बुडवली. मीटरने वरचं टोक गाठलं. मग दुसऱ्या पेल्यात आपली ‘सिद्ध जड साखर’ घातली, डोळे मिटून पुटपुटले आणि नवी पट्टी बुडवली. मीटरवर आलं, ‘लो’.

“चाखा!” बुवा गरजले. “गोडी राहिली, विष गेलं! आता लेकरांना सुया कशाला टोचता?”

लोकांनी चाखून माना डोलावल्या. अक्कल गहाण टाकायला रांग लागली. तिच्यात ताई होती आणि तिच्या खांद्यावर मान टाकून तिची मधुमेह असलेली नऊ वर्षांची लेक. त्या लेकीची मावशी, म्हणजे ताईची धाकटी बहीण, त्यांना शोधत हॉलमध्ये आली.

मावशी रसायनशास्त्रज्ञ. तिची छोटी कंपनी संशोधकांना खुणेची साखर पुरवायची. त्या साखरेतला कार्बन नेहमीपेक्षा किंचित जड, त्यामुळे ती शरीरात कुठे गेली ते यंत्राला ओळखता येतं. बाकी ती साखरच. कुठल्याशा ‘संशोधन केंद्रा’ने मागवलेली एक बाटली आता बुवांशेजारी काचेच्या पेटीत झळकत होती, मावशीच्या कंपनीच्या लेबलासकट.

“ताई, इन्सुलिन दिलंस?”

“परवापासून बंद केलंय. तुझ्याच कंपनीची साखर ना ती? म्हणून तर आले.”

मावशी भाचीजवळ वाकली. भाचीला धाप लागली होती.

“आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात चल!”

“साखर घेतल्याशिवाय मी हलणार नाही.”

मावशीने ॲम्ब्युलन्सला फोन लावला, मग तडक जाऊन बुवांच्या टेबलावरचं मीटर उचललं. “पेले काय तपासता बुवा? बोट टोचा की!” तिने भाचीचं बोट टोचलं. मीटर त्याच्या परीने ओरडलं, ‘हाय’. मग चहाच्या टेबलावरची साधी साखर पाण्यात विरघळवून तिने पट्टी बुडवली. ‘लो’!

“हे मीटर फक्त ग्लुकोज ओळखतं. पहिल्या पेल्यात ग्लुकोज होतं, दुसऱ्यात आपली रोजची साखर. ती पोटात फुटते, तिचं ग्लुकोज होतं आणि रक्तात उतरतं. पेटीतली बाटली नुसती शोभेची. तिच्यानेही कुणी बरं होत नाही.”

“श्रद्धा नसली की मीटर खोटं बोलतं!” बुवा खेकसले.

“मग मघाशी तुमच्यासाठी खरं कसं बोललं?”

बुवा घाईघाईने पेले आवरू लागले. पण पुढच्या रांगेतला एक गृहस्थ मावशीच्या कानाला लागला, “मॅडम, ती खरी बाटली केवढ्याला देता?” मावशीला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली.

भाची वाचली नाही.

“बाटलीवर तुझं नाव होतं गं,” ताई हॉस्पिटलच्या बाकावर बसून पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मावशीला खूप राग आला होता, बुवांचा, ताईचा आणि त्या लेबलाचाही. “मला एकदा विचारायचं होतंस, ताई,” एवढंच ती म्हणाली आणि ढसाढसा रडली.

महिन्याभरात बुवांनी पलीकडच्या रस्त्यावर दुसरा हॉल घेतला. त्याच्या दारात ताई उभी राहू लागली. पुष्कळ लोक तिला वळसा घालून आत जायचे, काही थांबायचे. ताई प्रत्येकाला सांगायची, “पेल्यातलं पाणी कुणालाही बरं करता येतं. बाटलीवरचं नाव बघून भुलू नका. आधी लेकराचं रक्त तपासा, डॉक्टरला विचारा आणि इन्सुलिन बंद करू नका. मी केलं होतं.”