माझ्या पायांच्या भरवशावर

माझे पाय फताडे आहेत. आधीच सांगून टाकतो, कारण सगळी भानगड तिथूनच सुरू होते. पुढून रुंद, घोटा आत वळलेला, करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलेली. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. माझे पाळण्यात मावतच नव्हते, असं ताई येईल त्याला सांगायची. कुठलाही नवा बूट घातला की दुसऱ्या दिवशी टाचेला फोड आलाच.

आणि ह्याच पायांमुळे मला कारखान्यात मान होता.

आमचा कारखाना ओतकामाचा. भट्टीत लोखंड वितळतं. लांब दांड्यांची मोठी पळी असते, आम्ही तिला लॅडल म्हणतो. एक माणूस पुढे, एक मागे, दोघांनी ती उचलायची आणि वाळूच्या साच्यात लोखंड ओतायचं. खाली जमीन तापलेली, वर ठिणग्या. तिथे बूट धड नसेल तर माणूस धड राहत नाही.

म्हणून आमच्या खात्यात एक रीत होती. कंपनीला नवे बूट घ्यायचे असले की आधी एकच जोड यायचा आणि तो माझ्या पायात जायचा. ही रीत पाडली मामांनी. मामा म्हणजे सगळ्यांचेच मामा, लॅडलवरचे सगळ्यात जुने. त्यांचा हिशेब सरळ होता. "ह्या बाबाच्या पायाला जो बूट चावत नाही, तो कोणाच्या बापाला चावायचा नाही." मी तो जोड घालून भट्टीपुढे राबायचं, तो भिजवायचा, वाळवायचा, परत घालायचा. मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीत बाकावर उभं राहून सांगायचं. चालेल, किंवा नाही. मी नाही म्हटलं की बूट परत. साहेबसुद्धा विचारायचे, "पायाळू काय म्हणतो?"

पायाळू हे माझं तिथलं नाव. जन्मलो मी डोक्याकडूनच, पण ऐकतो कोण.

शाळेत मला कधी कोणी काही विचारलं नाही. इथे अख्खं खातं माझ्या तोंडाकडे बघायचं. ते सुख काय असतं ते ज्याला आधी कधीच मिळालं नाही त्यालाच कळेल.

नोकरी दाजींनी लावली. ताईचे मिस्टर. ते कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते. हातमोजे, चष्मे, बूट, सगळं त्यांच्या खिडकीतून मिळायचं. मी राहायलाही त्यांच्याकडेच. एक खोली आणि स्वयंपाकघर. स्वयंपाकघर रात्री माझं.

ह्या खेपेचा जोड दाजी घरीच घेऊन आले. कागदात गुंडाळलेला.

"घ्या पायाळू महाराज, पादुका."

"खोका कुठंय?"

"खोक्यात झोपणार आहेस का? तुझ्या होड्यांचा नंबर त्यांच्याकडे तयार नव्हता. वेगळा करून घेतलाय. घालून तर बघ."

घातला. आणि खरं सांगतो, मी खाली बसून राहिलो. काहीच टोचलं नाही. तळ जाड होता पण पावलाबरोबर वाकत होता. टाच धरून ठेवल्यासारखी, बोटांना ऐसपैस जागा.

"कसा आहे?" ताईने विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर केली नाही.

"ताई, ह्याच्याशी लग्न करावं असा आहे."

दाजी खूप हसले.

भट्टीपुढे घातला. भिजवला, वाळवला, तापल्या वाळूत उभा राहिलो. फोड नाही, चटका नाही. मग बाकावर चढलो आणि म्हणालो, "चालेल! चालेल काय, पळेल!" सगळ्यांनी डबे वाजवले. मामा तेवढे वाजवत नव्हते. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "बघ हं लेका. तुझ्या शब्दावर पाय देतोय."

"द्या मामा. बिनधास्त."

माल आला. सगळ्यांना नवे बूट मिळाले. दिसायला हुबेहूब माझ्यासारखे. थोड्या दिवसांनी कुरकुर सुरू झाली.

"पायाळू, तुझ्या ह्या बुटात माझे तळवे भाजतात रे," क्रेनवाला म्हणाला.

"पायाला बसू दे जरा. मी घालतोय ना? हे बघ." मी पाय पुढे केला.

"मग आमचेच पाय नाजूक झाले म्हणायचे. बायको लाड करते ना, त्याचा परिणाम."

सगळे हसले. मीही हसलो. कोणी तक्रार केली की मी असाच पाय पुढे करायचो, आणि माणूस स्वतःच्या पायाला दोष देत कामाला लागायचा. माझ्यासारख्याला चावत नाही म्हटल्यावर बोलणार तरी काय?

मग तो दिवस. लॅडल भरलेली, मामा पुढच्या दांड्याला. मी साच्यांपाशी उभा. मामांच्या उजव्या बुटाचा तळ पुढून उचकटलेला मला दिसला. बुटाने तोंड उघडलं होतं. मी ओरडेपर्यंत ते तोंड वाळूत रुतलं, मामांचा गुडघा वाकला आणि लॅडल कलली. मागच्या माणसाने जीव खाऊन धरून ठेवली म्हणून बरंचसं वाळूत गेलं. थोडं बुटात गेलं.

मामा ओरडले नाहीत. नुसतं "अगं आई" म्हणाले. हळू. आपण एखादी वस्तू घरी विसरलो की म्हणतो ना, तसं.

बूट कापून काढला. त्यांना दवाखान्यात नेलं. भट्टी बंद केली आणि सगळे तिथेच उभे राहिले. क्रेनवाला वरून खाली आला.

"पायाळू, तू घालून बघितले होतेस ना?"

"हो."

"नीट?"

"हो रे."

तो माझ्या पायांकडे बघत होता. हळूहळू सगळेच बघायला लागले. माझे बूट धडधाकट. कडासुद्धा सुटलेली नव्हती.

मामांचं सामान दवाखान्यात द्यायला मला पाठवलं. कपडे बदलायच्या खोलीत मी त्यांचा डावा बूट उचलला आणि हात थांबला. हलका होता. फार हलका. मी माझा काढून दुसऱ्या हातात धरला. मग चाकू घेतला आणि दोन्ही चिरले. त्यांच्या बुटाचा तळ नुसता चिकटवलेला. आत पुठ्ठा, घामाने फुगून भिजलेल्या पावासारखा झालेला. माझ्या बुटाला कडेने सगळीकडे शिवण होती, वरून काळं मेण भरून ती बुजवलेली. आत चामड्याचा जाड थर. ज्याने केलं त्याला शाबासकी द्यावी इतकं नीट काम.

आता माझी अक्कल बघा. मला वाटलं, त्या बूटवाल्याने दाजींना फसवलं. मी तसाच चिरलेले बूट पिशवीत घालून घरी पळालो. दाजींना सावध करायला.

त्यांची त्या दिवशी रजा होती, ते पंखा दुरुस्तीला उघडून बसले होते. "दाजी, गंडवलं तुम्हाला! दाखवायचा जोड वेगळा, माल वेगळा. मामांचा पाय भाजलाय."

त्यांनी काय झालं विचारलं नाही. किती भाजला विचारलं नाही. पाना खाली ठेवला आणि म्हणाले, "कोणाकोणाला सांगितलंस?"

तेव्हा मला कळलं. त्यांना सगळं आधीपासून ठाऊक होतं.

"अजून कोणाला नाही."

"मग नको सांगूस."

ताई दारात येऊन उभी राहिली. "तुझ्या पायाला त्रास नको म्हणून केलं रे. मीच म्हटलं ह्यांना, निदान माझ्या भावाला तरी चांगले द्या."

"निदान? म्हणजे बाकीचे वाईट आहेत हे तुला माहीत होतं?"

"मला काय कळतंय बुटातलं."

"ताई."

ती पदराशी चाळा करायला लागली. "ते बूटवाले ह्यांना दुकान देणार आहेत. स्वतःचं दुकान. किती वर्षं त्या खिडकीत बसायचं ह्यांनी?"

"बूट काही इतके वाईट नाहीत," दाजी म्हणाले. "भट्टीपाशी सोडले तर कुठेही चालतील."

"मामा भट्टीपाशीच असतात, दाजी."

"मग मी त्यांना ढकललं का?"

"माझ्याकडून ढकललंत."

"वा! खाल्ल्या घरचे वासे मोजायला लागलास. ही नोकरी कोणी दिली? ह्या घरात कोणी ठेवलं? जरा आवाज खाली ठेव."

दाजींनी मला खोटं बोलायला सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी मला काही सांगितलंच नाही. पाय फसवले आणि तोंडाला खरं बोलू दिलं. मी त्या बाकावर उभा राहून मनापासून बोललो होतो. नेमकं तेच त्यांना हवं होतं. आणि ताई. मी बुटाशी लग्न करायच्या गप्पा मारत होतो तेव्हा ती घड्या घालत होती.

दाजींचं मी मनाला समजावू शकतो. नवरा शेवटी बाहेरून आलेला. ताईचं नाही जमत.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी चिरलेले बूट बाकावर मांडले. वर चढलो नाही, बाजूला उभा राहिलो. शिवण दाखवली, पुठ्ठा दाखवला. कोणी केलं तेही सांगितलं. सगळे पुढे येऊन बोटं घालून बघत होते.

"घरातल्या घरात एवढं शिजलं आणि तुला वास आला नाही?" क्रेनवाल्याने विचारलं.

"नाही आला."

"बरं," तो म्हणाला. त्या 'बरं'चा अर्थ मला आजपर्यंत लागलेला नाही.

बूट परत गेले. दाजींची खिडकी गेली, दुकानही गेलं. मी खोली बघितली. सामान न्यायला गेलो तेव्हा ताईने माझं अंथरूण आधीच बांधून ठेवलं होतं. "परक्यांसाठी घरातलं चव्हाट्यावर नेलंस," ती म्हणाली. "मला विचारायचंस तरी."

"तू मला विचारलं होतंस?"

तिने दार लावलं. जोरात नाही. हळूच.

मामांना भेटायला गेलो. पाय उशीवर, पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला.

"मामा, मला खरंच माहीत नव्हतं."

"ठाऊक आहे मला."

"मग तुम्ही रागावला नाहीत ना?"

"राग कसला. पण तुला माहीत नव्हतं म्हणून पाय भाजायचा राहिला का?" मग त्यांनी पाणी मागितलं. मी दिलं.

गेल्या आठवड्यात नवा जोड आला. ह्यावेळी साहेब स्वतः खोका घेऊन आले, सगळ्यांसमोर फोडला. मी सवयीने खाली वाकलो आणि नाडी सोडायला लागलो.

"ह्यावेळी क्रेनवाल्याला देऊ," लॅडलवरचा मागचा माणूस म्हणाला. कोणाकडेच न बघता.

"हां, त्यालाच द्या," आणखी दोघं-तिघं म्हणाले.

खोका माझ्यावरून पुढे गेला. क्रेनवाल्याने बूट चढवले, नाड्या आवळल्या आणि भट्टीपासून दारापर्यंत चालून दाखवलं. वळला, परत आला. मला पहिल्या फेरीतच दिसलं. उजवं पाऊल तो बाहेरच्या कडेवर टाकत होता, अंगठा वाचवायला.

"कसा आहे?" साहेबांनी विचारलं.

"मस्त आहे की."

"उजवा अंगठ्यापाशी दाबतोय," मी म्हणालो.

क्रेनवाला माझ्याकडे बघत राहिला. चिडला नव्हता. चिडला असता तर बरं वाटलं असतं.

"नाही दाबत," तो म्हणाला, आणि पुन्हा भट्टीकडे चालायला लागला. बाहेरच्या कडेवर वजन टाकत.