माती घेऊन आलेली बाई

पुण्याच्या एका मासिकाच्या संपादकांनी ते पुस्तक माझ्याकडे पाठवलं तेव्हा माझी तान्ही जया सहा महिन्यांची होत आली होती आणि हिरड्या शिवशिवत असल्यामुळे ती हाताला लागेल ते तोंडात घालत होती. इंग्रजी कादंबरी, स्वस्तातली. कव्हरावर एक गोरी म्हातारी आणि तिचे ओठांबाहेर आलेले सुळे. संपादकांनी सोबत लिहिलं होतं की रक्त पिणाऱ्या पिशाचांच्या गोष्टींचं सध्या कॉलेजातल्या मुलामुलींना वेड लागलं आहे, तरी असली पुस्तकं बायकांनी वाचावीत की नाही याचा स्पष्ट निकाल द्यावा. परीक्षण बरं उतरलं तर खाली नाव छापू.

नाव छापू, हे वाचून मी पुस्तक पदराने पुसलं.

मी कॉलेजात शिकलेली. पण मुळशीच्या खोऱ्यात आल्यापासून जयाचा श्वास चालू आहे ना, हे बघण्यापलीकडे डोक्याला काम राहिलं नव्हतं. ती झोपली की नाकाशी बोट धरायची, आणि बोटाला गार लागलं तरी घाबरायचं, गरम लागलं तरी घाबरायचं. माझे यजमान मोजणी खात्यात. धरणाचं पाणी कुठवर चढणार ते बघून चुना लावलेले दगड रोवत ते डोंगरउतारानं हिंडत. आम्ही राहत होतो ते सगुणाबाईंचं घर त्या दगडांच्या खाली होतं. सगळी आळीच खाली होती. येत्या पावसाळ्यात पाणी यायचं, म्हणून सगुणाबाईंनी भुकूमच्या अंगाला जमीन घेतली होती आणि अक्षय्य तृतीया झाली की गाड्या भरायच्या होत्या. तरीही त्या आम्हांला भाड्यानं दिलेल्या दोन खोल्या रोज झाडायला लावत.

दुपारी मी ओसरीवर पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून वाचत बसले होते. सगुणाबाई चिंचा फोडत होत्या. त्यांची नजर कव्हराकडे गेली.

"वैनी, ही कोन म्हातारी? दात बघा की हिचं! कुनाची सासू म्हनायची?"

दूध घालायला आलेली धनगरवाड्यातली बयाबाई टेकली होती. ती म्हणाली, "तुमच्यावानीच दिसतीया की, सगुणाक्का."

"माजं दात ऱ्हायलेत कुटं आता! सांगा वैनी, काय करती ही?"

मी सांगितलं. दूर उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातली ही सरदारीण. मरून कैक वर्षं झाली, पण दिवसा निजते आणि अंधार पडला की उठून माणसांचं रक्त पिते. तिला झोप लागते ती फक्त आपल्या गावच्या मातीत. म्हणून एका मोठ्या शहरात राहायला आली तेव्हा गादीत पिसांऐवजी गावची माती भरून घेऊन आली. शेजारी एक डॉक्टर राहतो. त्याची मुलं दिवसेंदिवस फिकट पडत चालली आहेत.

बायका शहारतील असं मला वाटलं होतं. बयाबाईनं गालावरची माशी उडवली.

"बकरी न्हाईत व्हय त्या गावात?"

"असतील. का?"

"मंग द्यावं की एखादं बकरं. आमच्या म्हसोबाला वर्साला येक देतो, तेवढ्यावर गप बसतोय. हिला कुनी ठान बी दिलं न्हाई, शेंदूर बी लावला न्हाई. उपाशी मानूस दुसरं काय करनार?"

"तिकडं तशी रीत नसंल," सगुणाबाई म्हणाल्या.

"मंग हालच की बिचारीचं."

मला हसू आवरेना. आमचे प्रोफेसर सांगत की भूत म्हणजे माणसाच्या मनातली भीती. या दोघींच्या लेखी ती घरची माणसं विसरलेली एक बाई होती आणि प्रश्न सगळा जेवणाचा होता. मी समासात पेन्सिलीनं तसं लिहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्या आपण होऊनच येऊन बसल्या. कोंडाबाई, म्हणजे सगुणाबाईंची सून, दारात तांदूळ निवडत होती. पाचवा महिना होता तिला. सासूसमोर ती सहसा बोलत नसे.

"पर येक सांगा," सगुणाबाईंनी सुरुवात केली, "येवढी वर्सं तितं ऱ्हायली, मंग गाव सोडलंच कशापाई हिनं?"

"लेखकानं सांगितलं नाही."

"फुडं असंल. बघा की."

मी पानं चाळली. पुढची चाळली, मागची चाळली. जहाज होतं, धुकं होतं, वटवाघळं होती. तिनं गाव का सोडलं, हे कुठंच नव्हतं. मी इतकी पानं वाचली आणि मला हा प्रश्न पडलाच नव्हता.

"धरान बांदलं असंल," सगुणाबाई सहज म्हणाल्या.

"अहो, ती गोष्ट पार दुसऱ्या मुलखातली आहे."

"तितं नद्या न्हाईत?"

"आहेत, पण..."

"मंग? गादीत माती भरून कोन निगतं, वैनी? ज्याला माघारी यायचं आसतं त्यो दाराला कुलूप लावून जातो. माती न्यायची म्हंजी पाठीमागं काय ऱ्हायलंच न्हाई."

बयाबाईनं मान हलवली. "गाव बुडालं बगा तिचं."

दोघींचा निकाल देऊन झाला होता. मी मात्र पुस्तक मांडीवर तसंच उघडं धरून बसले. खरंच, का निघाली असेल ती?

इतक्यात कोंडाबाईनं सूप खाली ठेवलं. "वैनी, किती लागती माती? गादीभरच लागती, का मूठभर चालती?"

"तुला काय करायचीय?" सगुणाबाई म्हणाल्या. "तांदूळ निवड."

संध्याकाळी परीक्षण लिहायला बसले तर हे चिडवायला लागले. "भुतांवर अभिप्राय लिहितेस आणि दिवेलागणीनंतर मागच्या दारी जायचं तर मला बरोबर नेतेस." मी लिहिलं की छपाई बरी आहे, भाषा सोपी आहे आणि वटवाघळं गरजेपेक्षा जास्त आहेत. लेखकानं या बाईला भूक दिली, पण घर सोडायला कारण दिलं नाही. तेवढं विचारलं असतं तर हे पुस्तक याहून फार मोठं झालं असतं. बायकांनी वाचावं, फक्त एकटीनं वाचू नये, चौघींत बसून वाचावं. पौडाकडे जाणाऱ्या टपालात पाकीट टाकलं आणि सुटले असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी परसात जयाचे लंगोट वाळत घालत होते, तेव्हा कोंडाबाई मागून आली.

"माजा पयला पोरगा वड्याकाठी हाय," ती म्हणाली.

मला क्षणभर कळलंच नाही. मग तिनं सांगितलं. आठ महिन्यांचा होता, गेल्या सालच्या आदल्या साली तापानं गेला. एवढ्या लहान मुलाला जाळत नाहीत, म्हणून शेताच्या कोपऱ्यात करंजाखाली पुरला आणि कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचले. आमच्या ह्यांचे चुन्याचे दगड त्या करंजाच्या पार वर, टेकाडावर होते.

"पानी यील. त्यो खाली ऱ्हानार आन् आमी भुकूमला. आत्याबाई म्हनत्यात, पोटुशीनं तितं पाय टाकायचा न्हाई आन् तितली माती घरात आनायची न्हाई. पर तुमच्या पुस्तकात मातीसंगं मानूस येतं. खरं हाय का वो?"

खोटं आहे, लेखकाच्या डोक्यातलं आहे, असं म्हणणं सोपं होतं. पण ती पुस्तक खरं की खोटं हे विचारतच नव्हती. शिवाय मी त्या बायकांना न सांगितलेली एक गोष्ट होती. पुढच्या पानांत ती सरदारीण शहरात सगळ्यांत आधी आपल्याच पणतीपाशी जाते. ते वाचून मी जयाचा पाळणा माझ्या अंथरुणाशी ओढून घेतला होता. उद्या कोंडाबाईनं माती नेली आणि होणारं बाळ जरा जरी सुकलं, तर ती जन्मभर स्वतःला दोष देईल. मला सांगावंच लागलं.

"कोंडाबाई, पुस्तकात माती आणली की माणूस येतं. पण उपाशी येतं. आणि आधी आपल्याच माणसाला धरतं."

तिनं दोरीवरचा एक लंगोट सरळ केला.

"भुकेला आसनारच की," ती म्हणाली. "गेला त्या दिशी पिलाच न्हाई. तोंडाशी धरला तर मान फिरवली. आता येत्या पावसाळ्यात दूध यील मला. दोगं पितील."

माझ्या हातातला लंगोट पिळून पिळून कोरडा झाला होता.

"तुमी आनता का, वैनी? मी बांधापतूर येते."

सकाळी धुण्याचं निमित्त करून आम्ही ओढ्यावर गेलो. जया माझ्या कडेवर होती. बांधापाशी कोंडाबाई थांबली. "हितनं फुडं न्हाई. आत्याबाईला शबूद दिलाय," ती म्हणाली आणि जयाला घ्यायला हात पुढे केले. खरं सांगते, माझे हात चटकन सुटले नाहीत. ती तशीच हात पुढे करून उभी राहिली. मग मी जयाला दिलं.

करंजाखालचे दगड लहान होते, हातानं सहज सरकतील असे. मी धुण्यात दडवून आणलेलं खुरपं लावलं.

"वरवरची घ्या, वैनी! खोल नगा जाऊ. उघडा पडंल त्यो."

मी वळून बघितलं. जया तिच्या गळ्यातले काळे मणी चोखत होती आणि ती पदरानं तिची लाळ पुसत होती. मी ओंजळभर माती घेतली. तांबूस, कोरडी, करंजाच्या शेंगांची टरफलं मिसळलेली. वास घेऊन पाहिला. मातीचाच होता. बांधापाशी परत आल्यावर ती मी कोंडाबाईच्या पदरात टाकली, तिनं गाठ मारली आणि जयाला माझ्याकडे देण्याआधी एकदा उराशी धरलं.

सगुणाबाई उंबऱ्यातच उभ्या होत्या.

"पदरात काय गं?"

कोंडाबाई खाली बघत म्हणाली, "माती."

"कुटली?"

"वड्याकाठची."

"मी आणली, सगुणाबाई," मी घाईनं पुढे झाले. "ती बांधाच्या पलीकडं गेली नाही."

"तुमी गप ऱ्हावा, वैनी. आपली पुस्तकं वाचायची आन् दुसऱ्याच्या सुना बिगडवायच्या!"

त्या पायरी उतरून खाली आल्या. सुनेच्या पदराची गाठ सोडली आणि माती तळहातावर घेऊन तोलत राहिल्या. कोंडाबाईचा श्वास मला ऐकू येत होता. आता त्या ती अंगणात भिरकावतील असं वाटून मी जयाला गच्च धरलं.

"येवढीच?" सगुणाबाई म्हणाल्या.

त्यांनी मूठ मिटून पुन्हा उघडली.

"येवढ्यात कसा मावंल त्यो? थोराड पोर हुतं. कडंवर घेतलं तर माजा हात भरून यायचा."

त्यांनी ती ओंजळ पुन्हा सुनेच्या पदरात टाकली. भिंतीला टांगलेली बांबूची पाटी काढली, माझ्या हातातलं खुरपं ओढून घेतलं आणि ओढ्याच्या वाटेला लागल्या. बयाबाई समोरून दुधाची कासंडी घेऊन येत होती. "कुटं निगालात, सगुणाक्का?" तिनं विचारलं. त्या तशाच पुढं गेल्या. वळणावर जाऊन थांबल्या आणि मागं न बघता ओरडल्या,

"कोंडे, बसू नगंस तशी! बयाबाईकडनं दूध घे आन् तापत ठेव."