पडद्याशी सामना

"खांबदादा, तू शेवटचा कधी हललास?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून भिंगरीने विचारून टाकलं. तळघरातल्या गेमिंग क्लबात शांतता पसरली. म्हणजे ती आधीही होतीच, आता आणखी घट्ट झाली.

खांब हा क्लबच्या संघाचा कप्तान. स्क्रीनवर गाड्या उलटोत नाहीतर राक्षस कोसळोत, याचे फक्त दोन अंगठे चालायचे. संघात निवड व्हायची तीही तशीच: मांडीवर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवायचा आणि खेळायचं. थेंब सांडला की बाहेर! भिंगरी खेळायची झकास, पण स्क्रीनवरची गाडी डावीकडे वळली की बाईसाहेबही अख्ख्या डावीकडे. पेला दर वेळी शेजारच्याच्या मांडीवर. संघात एकच जागा रिकामी होती आणि तिच्यासाठी भिंगरीचा जीव तीळ तीळ तुटत होता.

"हलणं हा नवशिक्यांचा रोग आहे," खांब जेमतेम ओठ उघडून म्हणाला.

आणि त्याच आठवड्यात स्पर्धेवाल्यांनी कळवलं, यंदा एक फेरी बिनबटणांची! कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, हातात रॅकेट आहे असं समजून हात फिरवायचा, की स्क्रीनवरचा खेळाडू टेनिस खेळणार.

"हा गेम आहे का कवायत?" संघातला चष्मेवाला करवादला.

तरी कॅमेरा लावला. खांब त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसला. उभं राहणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. मशीनने त्याला बराच वेळ निरखलं आणि लिहिलं, 'खेळाडू दिसत नाही. कृपया समोरचं फर्निचर हलवा.'

भिंगरी हसून हसून लोळायची बाकी राहिली. तेवढ्यात मशीनला एक खेळाडू सापडला. दाराचा पडदा. कोपऱ्यातल्या स्टँडच्या पंख्याच्या वाऱ्यावर तो असा काही फडफडत होता, की त्याने मशीनच्या अव्वल खेळाडूला धुऊन काढलं.

संघ भारावला. "चेहऱ्यावर काही दिसतंय का बघा," खांब हळूच म्हणाला. "जिंकला, पण माज नाही. हाच आपला माणूस. रिकामी जागा याची."

"अरे, पडदा आहे तो! धुवायला टाकतात त्याला!"

"जळू नकोस गं," चष्मेवाला म्हणाला.

"मी जळतेय? लावा त्याच्याशी सामना! जिंकले तर जागा माझी."

"आणि पंखा बंद करायचा," मैत्रिणी ओरडल्या.

"खेळाडूचा श्वास कोंडायचा?" खांब दुखावला. "शोभतं का हे?"

पंखा चालूच राहिला. मुलं मांडीवर पेले घेऊन रांगेत बसली. भिंगरीने सुरुवातीला नुसता धिंगाणा घातला. हात इतका फिरवला की खांदा निखळायची वेळ आली, आणि पडदा तिला मनसोक्त हाणत होता. मग तिच्या डोक्यात उजेड पडला. पंख्याची मान फिरत होती! पंखा पाठ फिरवायचा तेव्हा पडदा मेल्यासारखा लोंबायचा. तिने चेंडू उंच उडवायला सुरुवात केली. खाली येईपर्यंत पंख्याचं तोंड भिंतीकडे. पडदा ढिम्म. गुण भिंगरीला!

"ही त्याची चाल वाचतेय," चष्मेवाला पुटपुटला.

शेवटचा चेंडू. भिंगरीने उडी मारून सणसणीत हात फिरवला, जिंकली, आणि मागे खळ्ळकन पेला फुटला. खांब उभा होता. ओलाचिंब, दोन्ही हात हवेत.

"सरक, आता मी! पंखा अर्ध्यावर असताना डावीकडून मारला तर... सरक ना गं!" आणि त्याने उडी मारली. धाडकन डोकं छताला.

बुटकी भिंगरी वाचली होती, पण तळघराचं छत इतकं खाली आहे हे बाकीच्यांना आजच कळलं. उडी मारायची वेळ कधी आलीच नव्हती ना! पाठोपाठ चष्मेवाला उडाला आणि ट्यूबलाइट गेली. वरून क्लबचे मालक गरजले, "उड्या मारायच्या असतील तर चालते व्हा!"

खांब टेंगूळ चोळत खाली बसला. "संघात आलीस गं तू, पण सराव करायचा कुठे? या फेरीतून नाव काढून घेऊ. आणि बाकीच्या फेऱ्यांचा सराव नेहमीसारखा, मांडीवर पेला ठेवून."

"नाव काढलंस तर खबरदार," भिंगरी म्हणाली आणि घराकडे पळत सुटली.

बाबा सोफ्यावर आडवे होते. आई त्यांच्या पायाशी बसून शर्टाला बटण लावत होती. भिंगरीने चपलाही काढल्या नाहीत.

"बाबा, उठा. आई, तूही ऊठ. मी संघात आहे. उद्यापासून सराव आपल्या हॉलमध्ये, कारण आपलं छत उंच आहे. सोफा जिन्याखाली जाणार. विचारत नाहीये, ठरवलंय. उचलायला पाच जण येतील, पण त्यांना अंगठ्यांपलीकडे काही वापरायची सवय नाही, तेव्हा बाबा, एक टोक तुम्हीच धरा."