निळ्या बाजूचा कान

मी बोका बोलतोय. आवाज कुठून येतोय हे तुम्हाला मान वळवण्याआधीच कळलं असेल. मला ते जन्मात कधी जमलं नाही, आणि त्याचीच ही हकीकत आहे.

आधी रूप सांगतो, कारण लोक आधी तेच बघतात. अंगावर एकही डाग नाही, कापसासारखा पांढरा आहे मी. उजवा डोळा पिवळा, डावा निळा. पत्र्याच्या कारखान्यात राहून इतकं पांढरं राहायचं तर दिवसातून सहा वेळा अंग चाटावं लागतं. हे काम मी कधी कुणावर सोपवलेलं नाही.

माझी आई करड्या पट्ट्यांची. कारखान्याच्या मागच्या खोलीत, न खपलेल्या पेट्यांच्या आडोशाला तिने आम्हा चौघांना जन्म दिला. तीन भावंडं आईवर गेली आणि दोन-अडीच महिन्यांत चांगल्या घरी पोचली. मला बघून मात्र लोक पुढे केलेला हात मागे घ्यायचे. "ह्याला काही रोगबिग नाही ना?" म्हणायचे.

शेवटी मोठ्या मिस्त्रींनी, म्हणजे कारखान्याच्या सत्तरीतल्या मालकांनी, मला उचलून नाकासमोर धरलं. "राहू दे ह्याला इथेच. एक डोळा कामावर, एक गिऱ्हाइकावर. असा माणूस शोधून सापडत नाही."

झालं, मी कामाला लागलो.

आमच्याकडे बादल्या, पेट्या, पन्हळी, धुराडी सगळं बनतं. दिवसभर अशी ठोकाठोक चालते, की बाहेरची मांजरं गल्लीच्या तोंडाशीच माघारी फिरतात. मी ऐरणीपासून हातभर अंतरावर, पोत्यावर, डावा कान वर करून ढाराढूर झोपायचो. कारागीर म्हणायचे, काळीज वाघाचं आहे! मीही तेच समजत होतो.

कारखाना सांभाळायची ती मिस्त्रींची लेक. तिला सगळे ताई म्हणतात. ती दारातून ओरडायची, "ये रे, दूध!" दूध हा शब्द मला झोपेतही ऐकू येतो. पण तो आला कुठून, ते काही केल्या कळायचं नाही. मी ऐटीत उठायचो आणि बरोबर उलट्या दिशेला, फाटकाकडे चालू लागायचो. "बघा कसा कानाडोळा करतो! शेठ लागून गेलाय!" ताई म्हणायची. तेव्हापासून माझं नाव शेठ पडलं. माणसांचं एक बघितलंय, कारण माहीत नसलं की ती सरळ स्वभावावर बोट ठेवतात.

मोठ्या मिस्त्रींचं वागणं मी पोत्यावरून रोज बघायचो. ते नेहमी भिंतीला डावा खांदा लावून बसायचे. ताईने मागून "बाबा" म्हटलं की आधी खिडकीकडे बघायचे, मग छताकडे, आणि मग उगाच हातोडा आपटायचे. न ऐकताच "हो, हो" म्हणायचे. ताई कारागिरांना सांगायची, "बाबा हल्ली फार हेकट झालेत." मला मात्र त्यांचं मान वळवणं फार ओळखीचं वाटायचं.

आता कारखान्याचा एक नियम सांगतो. कोठीतून मोठा पत्रा बाहेर काढताना दोघं तो आडवा धरून नेतात. पुढच्याने "पत्रा!" म्हणून ओरडायचं आणि बाकीच्यांनी वाट सोडायची. पत्र्याची कड वस्तऱ्यासारखी असते, म्हणून नियम कडक. मोठे मिस्त्री तेवढे हलायचे नाहीत. मालकाला कोण हटकणार? कारागीर मुकाट्याने त्यांना वळसा घालून जायचे.

एका दुपारी "पत्रा!" अशी आरोळी आली. मी दचकून उठलो आणि जीव वाचवायला धावलो तो थेट पत्र्याखालीच. पुढचा कारागीर अडखळला, पत्रा निसटला, आणि माझ्या डाव्या कानाचं टोक उडालं. कारागिराचाही अंगठा कापला, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी कान शिवला. मग माझ्या पाठीमागे जाऊन दोन्ही बाजूंनी टिचक्या वाजवल्या आणि हसल्या. "गेला तो बिनकामाचाच कान होता. हा निळ्या बाजूने जन्मापासून बहिरा आहे."

"आजार आहे का?" ताईने घाबरून विचारलं.

"आजार नाही. रक्तातूनच येतं हे. पांढऱ्या, निळ्या डोळ्यांच्या मांजरांत बऱ्याचदा दिसतं. ह्याला ऐकू येतं, पण आवाज कुठून आला हे ओळखायला दोन कान लागतात. बाकी तब्येत ठणठणीत आहे."

ताईचा चेहरा पडला. माणसं एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देतात म्हणे. मला ती सोय नाही, म्हणून घरी येताना तिने ठरवलेलं सगळं माझ्या डोक्यातच राहिलं. कारखाना माझ्यासाठी धोक्याचा, तेव्हा मला तिच्या मावशीकडे पाठवायचं. मावशीकडे अंगण आहे, झाडं आहेत. माझं पोतं तिथे नाही, ऐरण नाही, म्हातारा नाही. मी मिजासखोर असेन, पण त्या रात्री दुधाला तोंड लावलं नाही.

सकाळी टोपली आली. ताई मोठ्या मिस्त्रींच्या समोर उभी राहून म्हणाली, "बाबा, मलाही वाईट वाटतंय. पण ज्याला पत्रा कुठून येतोय ते कळत नाही, त्याला इथे कसं ठेवायचं?"

मिस्त्रींनी हातोडा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"मग टोपली मोठी आण," ते म्हणाले. "मलाही पाठव मावशीकडे."

"काहीतरीच काय, बाबा!"

"माझा डावा कान जाऊन चार वर्षं झाली, पोरी. बोललो असतो तर तू मला घरी बसवलं असतंस. म्हणून गप्प बसलो."

कारागिरांनी हातोडे थांबवले. ताई त्यांच्या मागे, डाव्या बाजूला गेली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाबा, चहा टाकू?" मिस्त्री समोर बघत राहिले. तिने पुन्हा विचारलं. मग ती तिथेच, लोखंडाच्या किसात, मटकन बसली आणि रडू लागली. "चार वर्षं पत्रे तुमच्या पाठीवरून गेले हो, बाबा! आणि मी तुम्हाला हेकट म्हणत होते."

टोपलीत आता खिळे ठेवतात.

कोठीच्या दाराशी एक बटण बसवलंय. पत्रा निघायच्या आधी ते दाबायचं, की दिवे लागतात. दिव्यांच्या टोप्या मोठ्या मिस्त्रींनी स्वतः ठोकून केल्या. एक दिवा त्यांच्या समोर, डोळ्यांच्या उंचीवर. दुसरा जमिनीपासून वीतभर वर, माझ्या पोत्यापाशी. दिवा लागला की आम्ही दोघं एकदमच उठतो आणि भिंतीला लागतो.

आता मी नऊ वर्षांचा आहे, कानाचं टोक सोडलं तर धडधाकट. तुमच्या घरीही कुणी हाक मारल्यावर भलतीकडे वळत असेल, तर त्याला माजलेला म्हणू नका. जरा समोर जाऊन उभे राहा.

परवा एक गिऱ्हाईक वाकून बघत विचारत होतं, "हा दिवा इतका खाली का हो लावलाय?"

गिऱ्हाईक मिस्त्रींच्या डाव्या बाजूला होतं. मिस्त्रींनी पूर्वीसारखं "हो, हो" म्हटलं नाही. खुर्ची फिरवून ते म्हणाले, "ह्या बाजूने बोला. मला त्या कानाने ऐकू येत नाही, आणि आमच्या शेठलाही नाही."