ओमच्या जागी

“गाडी वळव,” सुलभा म्हणाली.

“आत्ता? आई, डिकीत आइसक्रीम आहे.”

“वितळू दे.”

सिग्नलला थांबल्यावर अनिलनं मोठ्या कौतुकानं फोन तिच्यापुढे धरला होता. गावाबाहेरच्या सैनिकी दफनभूमीत अस्थी ठेवायला भिंतीत कप्पे होते. त्यातल्या एकात त्याच्या वडिलांच्या, अरुणच्या अस्थी ठेवायच्या होत्या. कप्प्यावर बसणाऱ्या दगडाचा नमुना सकाळीच ईमेलनं आला होता. अरुणचं नाव, ‘यूएस आर्मी’, आणि सगळ्यात वर ओम. उद्या दगड कोरायला जाणार होता.

“ओम कोणी घालायला सांगितला?”

“सांगायला कशाला हवं? आपण काय क्रॉस टाकणार होतो?”

“ह्यांना कधी हात जोडताना पाहिलंयस तू?”

“तुला बरं वाटावं म्हणून केलं गं. एक तर अस्थी नदीत नाही, भिंतीत. मराठी मंडळात सगळे विचारतात. शंतनूकाका म्हणाले, अशानं मोक्ष कसा मिळणार?”

“शंतनूला म्हणावं, तू तुझं बघ.”

अनिलनं गाडी वळवली.

अरुण पुण्याहून अमेरिकेत फिजिक्स शिकायला आला होता. ग्रीन कार्ड हातात पडतंय तोच फौजेचं बोलावणं आलं. साठचं दशक, लढाई पेटलेली. इथले नागरिक नसलेल्या पोरांनाही ओढत होते. त्याला लष्करी इस्पितळातल्या एक्स-रेच्या खोलीत टाकलं. गळ्यातल्या बिल्ल्यावर धर्म कोरायचा होता. “काहीतरी सांग बाबा,” कारकून वैतागला, “उद्या मरायला टेकलास तर कोणाला बोलवायचं?”

“डॉक्टरला,” अरुण म्हणाला.

हे त्यानं मुलगी बघायला आल्यावर, पोह्यांची बशी हातात असतानाच सांगून टाकलं होतं. सुलभाच्या वडिलांचा चेहरा पडला. तिला मात्र हसू आवरेना.

मग पन्नासेक वर्षं ती देवळात जायची आणि तो पार्किंगमध्ये गाडीत विज्ञानाचं मासिक वाचत बसायचा. जाऊ नकोस असं एकदाही म्हणाला नाही. प्रसादाचा शिरा मात्र दोनदा मागून खायचा. शेवटच्या आठवड्यात तिनं हळूच विचारलं होतं, “आता तरी गंगाजल देऊ?”

“साधं पाणी दे,” तो म्हणाला. त्या दिवशी तिला त्याचा फार राग आला होता. पाणी मात्र तिनं साधंच पाजलं.

दफनभूमीच्या ऑफिसात डेनिस नावाची बाई होती, स्वतः फौजेतून निवृत्त झालेली. तिनं चिन्हांचा तक्ता समोर ठेवला. क्रॉसच कितीतरी तऱ्हेचे. मग चांदणी, चंद्रकोर, ओम. सुलभानं चष्मा लावला. ठिपक्याभोवती फिरणाऱ्या लंबगोलांवर तिचं बोट थांबलं.

“हे काय?”

“अणू,” डेनिस म्हणाली. “देव न मानणाऱ्यांसाठी.”

“हेच घाला.”

“आई, प्लीज,” अनिल मराठीत कुजबुजला. “लोक काय म्हणतील? आणि पुढेमागे तुझंही नाव ह्याच दगडावर येणारे. ह्याच अणूखाली.”

डेनिसला भाषा कळली नाही, अडचण कळली असावी. “काहीच न घालताही चालतं, मॅडम. जागा कोरी सोडता येईल.”

“बघ,” अनिलला हुरूप आला. “कोरीच राहू दे ना. बेस्ट आहे.”

“कोरी सोडली तर वाटेल, सांगायला लाजले. फौजेला लाजले नाहीत, माझ्या बाबांना लाजले नाहीत. आता काय लाजायचं?”

“आणि तू? रोज पूजा करतेस, एकादशी करतेस. तुझं काय?”

तक्त्यावरच्या ओमवरून सुलभानं अंगठा फिरवला. मग तक्ता डेनिसकडे सरकवला.

“मी कुठे आहे ते माझ्या देवाला सापडेल,” ती अनिलला म्हणाली. “त्याला पाटी लागत नाही.”

अनिलनंच मग डेनिसला इंग्रजीत सगळं नीट सांगितलं.

बाहेर टेक्सासचं ऊन रणरणत होतं. त्यांचा कप्पा दुसऱ्या ओळीत होता, अजून उघडा, रिकामा. भिंतीपाशी आल्यावर सुलभानं देवळातल्या सवयीनं चपला काढल्या आणि दोन पावलं पुढे गेली.

“आई, पाय भाजतील.”

ती थांबली. समोरच्या कप्प्याकडे पाहिलं, मागच्या चपलांकडे पाहिलं. मग मागे आली, चपला पायांत सरकवल्या आणि तशीच चालत भिंतीपर्यंत गेली.